ॲक्टिव्हेटेड कार्बन, जावईबापूंची व्होडका आणि माझी फजिती (मदत हवी)

कोपरीचे_काका

मंडळी नमस्कार. बरेच महिने नुसता वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. विषय जरा नाजूक आहे पण मी बेकायदा काही केलेलं नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिल्या प्रतिसादातच कोणीतरी कायद्याचं पुस्तक घेऊन येईल.

तर झालं असं की लेक न्यूझीलंडला हॅमिल्टनला असते, तिच्याकडे आम्ही दोघं तीन महिने राहून आलो. तिकडे स्वतःपुरती दारू घरी गाळायला १९९६ पासून मुभा आहे, विकायची मात्र नाही. त्यासाठीचं सगळं सामान उघड दुकानात मिळतं, ठाण्यात स्टेशनबाहेर शिलाई मशीनचे पार्ट मिळावेत तसं. जावईबापूंना हा नाद. गॅरेजमध्ये स्टीलचं छोटं यंत्र, साखर आणि यीस्टचं आंबवण, शनिवारी गाळायचं. मी वागळे इस्टेटला ३१ वर्षं मशीन शॉपमध्ये काढलेली, त्यामुळे यंत्र दिसलं की हात शिवशिवतात, मी आपला मदतनीस झालो.

साखरेच्या आंबवणाचा माल निघतो तो पाण्यासारखा स्वच्छ पण वास म्हणाल तर ओल्या पुठ्ठ्यात नेलपॉलिश सांडल्यासारखा. त्यावर उपाय म्हणून जावईबापूंनी ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी आणली, करवंटीचा, आणि दीड मीटरची स्टीलची नळी. ते कामावर गेले आणि मला म्हणाले बाबा तेवढं गाळून ठेवाल का. मी म्हटलं त्यात काय, आपण तर कूलंटचे फिल्टर बदललेत. पिशवी फोडली, कोरडा कार्बन नळीत ओतला, वरून सत्तर टक्क्यांच्या वरची स्पिरिट तशीच ओतली. नळी हाताला चक्क कोमट लागायला लागली, मी घाबरलो. खालून आली ती शाईसारखी काळपट, भसाभस, पाच मिनिटांत सगळी खाली. आणि वास? जसाच्या तसा, वर कोळशाची भर. जावईबापू काही बोलले नाहीत, ते बोलत नाहीत हाच प्रॉब्लेम आहे, लेक मात्र दोन दिवस हसत होती.

आता ठाण्यात परत आलोय पण डोक्यातून जात नाही. माझं नक्की काय चुकलं? नळी गरम का झाली? आणि मुळात हा कार्बन करतो काय, गाळणीसारखा अडवतो की साबणासारखा धुतो? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त

काका पहिल्याच धाग्यात षटकार. वाचतोय. सासऱ्याला दारू गाळायला बसवणारा जावई मिळायला पूर्वपुण्याई लागते.

अर्धा_चहा

+१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तळोजावाली

काका, धागा आवडला. मी केमिकल इंजिनियर, बावीस वर्षं तळोजा एमआयडीसीत, त्यातली निम्मी चारकोल ट्रीटमेंटच्या आजूबाजूला. आमच्याकडे दारू नसते, औषधाचा कच्चा माल असतो, त्याचा पिवळट रंग काढायला रिॲक्टरमध्ये कार्बनची पावडर टाकतात, ढवळतात आणि मग हायफ्लोच्या (गाळायला मदत करणाऱ्या पावडरीच्या) थरावरून फिल्टरमधून काढतात. त्या दिवशी प्लांटमधली माणसं कोळशाच्या खाणीतून आल्यासारखी दिसतात. तत्त्व तुमच्या नळीतलंच.

तर आधी, हा गाळणी नाही आणि साबणही नाही. चिकटपट्टी म्हणा. कोळशाच्या आत इतकी बारीक भोकं असतात की एक ग्रॅम चांगल्या कार्बनचा आतला पृष्ठभाग साधारण १००० चौरस मीटर भरतो. ठाण्याच्या भाषेत सांगायचं तर एका ग्रॅममध्ये ४५० चौरस फूट कार्पेटचे जवळजवळ २४ फ्लॅट. त्या भिंतींवर रेणू येऊन चिकटतात, कोळशात मुरत नाहीत, भिंतीवर बसतात. चुलीतल्या कोळशाला ही भोकं फार थोडी असतात, म्हणून आधी करवंटी किंवा लाकूड हवेशिवाय जाळून कोळसा करायचा आणि मग ८०० ते १००० डिग्रीला वाफ सोडून आतून पोखरायचा, त्या पोखरण्यालाच ॲक्टिव्हेशन म्हणतात. करवंटीच्या कार्बनची भोकं अगदी बारीक, २ नॅनोमीटरच्या आतली जास्त, त्यामुळे लहान वासाळ रेणूंना तो बरा. रंग काढायचा तर रंगाचे रेणू मोठे, तिथे लाकडाचा कार्बन चालतो. आमच्या परचेसवाल्याला हे बारा वर्षांत कळलेलं नाही, तो स्वस्त दिसेल तो उचलतो आणि मग बॅच पिवळी राहिली की बोलणी आम्ही खातो.

आता तुमच्या चुका, रागावू नका. कोरडा टाकलात ही पहिली. भोकांत हवा भरलेली असते, ती आधी बाहेर काढायला लागते, म्हणून कार्बन उकळत्या पाण्याने दोनतीनदा धुवायचा, काळं पाणी ओतून टाकायचं आणि रात्रभर पाण्यातच ठेवायचा. काळपट आलं ती कार्बनची भुकटी होती, ती धुण्यातच गेली असती. नळी गरम झाली ते बरोबरच आहे, कोरड्या कार्बनच्या भिंतीवर काही चिकटलं की उष्णता बाहेर पडते, आणि दारू तर चिकटायला उत्सुकच. थोड्या मालावर कोमट लागेल, मोठ्या टाकीत आणि ज्वलनशील वाफेत हेच प्रकरण आगीपर्यंत जातं. तुम्ही गॅरेजमध्ये सत्तर टक्क्यांची स्पिरिट उघड्यावर ओतत होतात, जवळ गिझरची ज्योत वगैरे नव्हती हे नशीब समजा.

दुसरी चूक सत्तर टक्के. नको असलेल्या वासांना दारू जितकी आवडते तितकं पाणी आवडत नाही. दारू जास्त असेल तर ते वास दारूतच सुखाने राहतात, भिंतीकडे जात नाहीत, शिवाय दारू स्वतःच भिंतीवरच्या जागा अडवते. पाणी घालून ४० ते ५० टक्क्यांवर आणलं की वासांना दारूत करमेनासं होतं आणि ते कार्बनला जाऊन बिलगतात.

तिसरी म्हणजे वेळ. गणित करू या. नळी समजा ४ सेंटिमीटर व्यासाची, दीड मीटर लांब, म्हणजे आत साधारण १.९ लिटर जागा. दाण्यांच्या फटींची जागा त्यातली ४० टक्के धरा, म्हणजे पाऊण लिटर. तासाला एक लिटर थेंब थेंब सोडलंत तर प्रत्येक थेंबाला ४५ मिनिटं मिळतात. तुम्ही पाच मिनिटांत सगळं खाली आणलंत. लोकलमधून उतरताना कोणाशी ओळख होते का?

कोपरीचे_काका

ताई, साष्टांग. लोकलचं उदाहरण काळजात घुसलं. म्हणजे मी तिन्ही चुका एकाच दिवशी केल्या.

नेरुळ_सर्विसवाला

मी वॉटर प्युरिफायरची सर्विस करतो, नेरुळ सीवूड्स बेलापूर पट्टा. ताई बोलल्या ते सोळा आणे. आमच्या आरोमध्ये पण दोन कार्बन असतात, पुढचा आणि मागचा. पुढचा क्लोरीन खातो कारण क्लोरीन मेंब्रेनला, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्याला मारतं, मागचा शेवटी चवीला. लोक विचारतात मोरबे धरणाचं पाणी एवढं चांगलं मग कार्बन कशाला, अहो पाणी धरणात चांगलंच आहे पण पाइपातून घरी येईपर्यंत जंतू होऊ नये म्हणून क्लोरीन टाकतात ना, त्याचा वास. कार्बन नवा असला की पहिलं दोन तीन लिटर काळं पाणी येणारच, ते पाहून गिऱ्हाईक मला फोन करतं की भाऊ तुम्ही घाण कँडल लावली. काकांची तीच केस.

एक सांगतो, कार्बन भरला की भरला. त्याला संपलो असं सांगता येत नाही. लोक वर्षं वर्षं बदलत नाहीत, मग त्यातच जंतू घर करतात कारण क्लोरीन तर त्यानेच खाल्लेलं असतं. आणि आमच्या काही कँडलमध्ये कार्बनला चांदी लावलेली असते जंतू वाढू नये म्हणून, ती दारूला कोणी वापरू नका.

अर्धा_चहा

भाऊ एक शंका, दुकानातली स्वस्त व्होडका सरळ घरच्या आरोत ओतली तर महाग व्होडका होईल का? मित्रासाठी विचारतोय.

नेरुळ_सर्विसवाला

मित्राला सांगा मेंब्रेन, पंप आणि बायको तिन्ही जातील. वॉरंटीत एकही बसत नाही.

साहेबराव_निवृत्त

बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाचण्यासारखं. मी राज्य उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झालोय, ठाणे जिल्ह्यातच जास्त नोकरी. काकांनी जे केलं ते न्यूझीलंडमध्ये केलं, तिथला कायदा तिथे. इथे कोणाच्या डोक्यात किडा वळवळत असेल तर सांगतो, महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९, कलम ६५, विनापरवाना गाळणं तर आहेच पण गाळायची भांडी नुसती जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. पिण्याचं वय बीअर वाइनला २१ आणि बाकीला २५, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

खाडीकिनारी तिवरांतून आम्ही रात्री चिखलात गुडघाभर रुतून हातभट्ट्या फोडल्यात. काळा गूळ, नवसागर, पत्र्याची पिंपं, आणि वास असा की कपडे बायको घरात घेत नसे. त्या लोकांना कार्बन वगैरे ठाऊक नव्हता पण एका ठिकाणी फडक्यात चुलीतला कोळसा बांधून त्यातून माल गाळताना मी स्वतः पाहिलंय. विचारलं तर म्हणे साहेब उग्रपणा जातो.

तळोजावाली

साहेबराव, ही युक्ती बरीच जुनी. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला लोविट्स नावाच्या औषधीतज्ज्ञाला कोळशाने द्रवातला रंग आणि वास जातो हे प्रयोगात दिसलं, त्यानंतर रशियात व्होडका कोळशातून गाळायची रीत पडली, तिथे बर्चचं लाकूड. अमेरिकेत टेनेसीची व्हिस्की शुगर मेपलच्या कोळशाच्या उंच थरातून थेंब थेंब उतरवतात, पिंपात भरायच्या आधी. आपल्याकडे आजी फ्रिजमध्ये वाटीत कोळसा ठेवायची, माहेरी तर करपलेल्या भाताच्या पातेल्यात पण टाकायचे.

ऐरोली_२४

भारी धागा!! काका मला हे वाचून आयडिया आली. आमच्या पीजीत चौघं आहोत, एकाने व्हिडिओ बघितलाय प्रेशर कुकरच्या शिट्टीला नळी लावून करायचं. भीती एवढीच होती की ते मिथेनॉल का काय ते येतं आणि आंधळं होतं. आता कार्बन मिळाला म्हणजे तो प्रश्न मिटला ना? शेवटी कार्बनमधून काढलं की सगळं विष निघून जाईल. कोणता ब्रँड घेऊ?

साहेबराव_निवृत्त

बाळा, माझा वरचा प्रतिसाद परत वाच. सावकाश.

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त

हा धागा आता शंभरी गाठणार.

तळोजावाली

ऐरोली, मोठा प्रतिसाद लिहिला होता, लाइट गेली आणि सगळं उडालं, आता परत लिहितेय त्यामुळे आवाज चढलेला असेल.

नाही. मिटला नाही. कार्बन मिथेनॉल काढत नाही. काढतो थोडासा असंही म्हणू नकोस, कामाचा असा काढतच नाही. कारण आधी सांगितलेली चिकटपट्टी. पाण्यात न रमणारा आणि लांबलचक रेणू असेल तर तो भिंतीला चिकटतो. आंबवणात बनणारी जड अल्कोहोलं, फ्यूजेल म्हणतात त्यांना, त्यातले एमाइल अल्कोहोल वगैरे, पाच कार्बनचे, ते चिकटतात, काकांच्या ओल्या पुठ्ठ्यातला बराच भाग तोच. इथेनॉल, म्हणजे पिण्याची दारू, दोन कार्बनचं, कमी चिकटतं. मिथेनॉल एक कार्बनचं, सगळ्यात चिमुकलं आणि पाण्याशी सगळ्यात घट्ट मैत्री, ते भिंतीवर टेकत नाही, चुकून टेकलं तर तिथे हजारपट गर्दी केलेलं इथेनॉल त्याला ढकलून देतं. म्हणजे नळीच्या वर जेवढं मिथेनॉल ओतशील तेवढं खाली येईल.

उकळण्याच्या तापमानावर जाऊ नकोस, मिथेनॉल ६४.७ ला उकळतं आणि इथेनॉल ७८ ला म्हणून पहिलं फेकलं की झालं असं व्हिडिओवाले सांगतात. मिश्रणात पाणी असतं तेव्हा ते इतक्या शहाण्यासारखं रांगेत बाहेर पडत नाही. आणि कुकर? त्याची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व दाब सोडायला आहेत, त्यात नळी खुपसून गॅसच्या ज्योतीवर दारूची वाफ करायची म्हणजे पीजीतल्या चौघांचं काय होईल ते मी सांगायला नको.

कळवा_सिस्टर

मी सहसा फक्त पाककृतीच्या धाग्यांवर असते पण इथे लिहिते. पस्तीस वर्षं नर्सिंग केलं, कॅज्युअल्टीत जास्त.

मिथेनॉल प्यायलेला माणूस लगेच कोसळत नाही हीच त्यातली फसवणूक. रात्री प्यायला, झोपला, सकाळी डोकं दुखतंय म्हणाला, घरच्यांना वाटतं उतरली नाही. बारा तास, कधी चोवीस तास जातात. मग पोट दुखतं, उलट्या, श्वास जोरजोरात, आणि एक जण म्हणाला होता सिस्टर सगळीकडे धुकं पडलंय, पंखे लावा. जूनचा महिना होता. त्याचे डोळे परत आले नाहीत. शरीरात मिथेनॉलचं आधी फॉर्मल्डिहाइड होतं आणि मग फॉर्मिक ॲसिड, मुंग्यांच्या डंखातलं, ते डोळ्यांच्या नसा मारतं आणि रक्त आंबट करतं. शुद्ध मिथेनॉल दहा मिली, दोन चमचे, एवढ्याने कायमचं अंधत्व आलेलं आहे. औषध आहे, फोमेपिझोल, नाहीतर हॉस्पिटलात मोजून इथेनॉल देतात, डायलिसिस करतात, पण माणूस वेळेत आला तर. घरी लिंबूपाणी आणि दही पाजत बसले की वेळ जाते.

२०१५ चा जून आठवा. मालाडला मालवणीत विषारी दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं गेली. ती कोणाच्या गाळण्यात चूक झाली म्हणून गेली नाहीत.

ऐरोली_२४

सॉरी. कुकर कॅन्सल. पण मग ती माणसं कशाने गेली, गाळण्यात चूक नव्हती तर?

साहेबराव_निवृत्त

हा मात्र प्रश्न चांगला विचारलास. सामान्य माणसाला वाटतं हातभट्टीवाल्याचं गाळणं बिघडलं की विषारी होते. साखरेच्या नाहीतर गुळाच्या आंबवणात मिथेनॉल फार थोडं बनतं, फळांच्या सालीतल्या पेक्टिनमधून जरा जास्त. पण एका वस्तीत शंभर माणसं मरतात तेव्हा ते आंबवणातलं नसतं, कारखान्यातलं मिथेनॉल कोणीतरी पिंपाने आणून ओतलेलं असतं. स्वस्त पडतं, दिसायला तसंच, वास जवळजवळ तसाच, चढतं पण.

दुसरा धंदा म्हणजे कारखान्याला दिलेली डिनेचर्ड स्पिरिट. तिच्यात मुद्दाम कडू आणि घाणेरड्या वासाच्या वस्तू टाकलेल्या असतात, माणसाने पिऊ नये म्हणून. तो वास मारून ती पिण्याजोगी दाखवायची, हा वेगळा गुन्हा कायद्यात आहे आणि तो उगाच नाही. वास हा पहारेकरी असतो, त्याला मारून टाकलं तरी घरातला साप घरातच.

कोपरीचे_काका

मंडळी, साहेबरावांचा प्रतिसाद दुपारपासून चार वेळा वाचला. एक गोष्ट सांगायची राहिली होती. सांगू की नको करत होतो.

परवा मी सोसायटीच्या कट्ट्यावर न्यूझीलंडची ही फजिती रंगवून सांगितली. पार कार्बन, नळी, सगळं. ताईंची लोकल पण वापरली. त्यानंतर काल रात्री आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ दारात. हातात पाच लिटरचा पांढरा कॅन, लेबल नाही. म्हणाले ओळखीतून आलीय, एका कारखान्यातून, एकदम प्युअर स्पिरिट आहे, फक्त वास येतो, काका तुम्ही आता एक्स्पर्ट, तेवढी कार्बनमधून मारून द्या, मुलाच्या हळदीला मंडळी येणार आहेत. मी भिडेपोटी नाही म्हणू शकलो नाही, ठेवा म्हटलं बघतो. कॅन माझ्या बाल्कनीत आहे. वॉशिंग मशीनच्या मागे. आज कार्बनची पिशवी पण आणली होती, मत्स्यालयाच्या दुकानातून. धुवून रात्रभर भिजत घालायची एवढंच बाकी होतं.

तळोजावाली

काका. हात लावू नका. झाकण उघडू नका, वास घेऊन बघू नका, चव तर मुळीच नाही, आणि बाल्कनीत कोणी सिगरेट ओढत असेल तर त्याला घरात घ्या.

कळवा_सिस्टर

काका हळदीला किती माणसं येणार आहेत?

कोपरीचे_काका

दीडशेचा आकडा म्हणत होते. बायका सोडून सत्तर ऐंशी धरा.

साहेबराव_निवृत्त

काका, नीट ऐका. परत नेऊन देऊ नका. दिला तर तो दुसरीकडे गाळून घेईल नाहीतर तसाच सरबतात घालून वाढेल. आधी त्या गृहस्थांना स्वतः तोंडावर सांगा, आणि विचारा आणखी कॅन आहेत का, कोणी प्यायलंय का. मग राज्य उत्पादन शुल्कच्या ठाणे ऑफिसला नाहीतर पोलिसांना फोन करा, तुमच्याकडे आणून ठेवला, तुम्ही उघडलेला नाही, हे स्पष्ट सांगा. संडासात, गटारात ओतू नका, त्याची वाफ पेट घेते आणि नंतर तपासायला काही राहत नाही. मला व्यनि (खासगी निरोप) करा, मी आत्ता फोनवर आहे.

अर्धा_चहा

घरगुती टेस्ट नसते का काही? पेटवून निळी ज्योत आली तर चांगली असं ऐकलंय.

तळोजावाली

ऐकलंयस ते विसर. दोघांचीही ज्योत निळसर, मिथेनॉलची तर दिवसा दिसत पण नाही. मिसळलेलं असेल तर डोळ्यांना काहीच कळणार नाही. आमच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर लावतात, तेव्हा आकडा कळतो, गोड लागते म्हणून चांगली, झोंबते म्हणून वाईट, असलं काही नसतं.

आणि हेच मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. मीच तुम्हाला ४५ मिनिटांचं गणित शिकवलं. त्या गणिताने ह्या कॅनमधला वास बहुतेक गेला असता, माल झुळझुळीत झाला असता आणि ऐंशी माणसांनी वा वा म्हणत दुसरा पेग भरला असता. वास होता म्हणून तर तो माणूस तुमच्या दारात आला.

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त

अंगावर काटा. काका अपडेट द्या.

नेरुळ_सर्विसवाला

आजपासून गिऱ्हाइकाला सांगताना मी पण शब्द बदलणार. मी सगळ्यांना सांगायचो कार्बन म्हणजे सगळी घाण साफ. पाण्यातला क्षार पण तो काढत नाही हे मलाच माहीत आहे तरी तोंडात बसलंय.

ऐरोली_२४

काका??

कोपरीचे_काका

आलो. उशीर झाला, माफ करा.

साहेबराव फोनवर होते, त्यांच्याशी बोलत बोलतच तिसऱ्या मजल्यावर गेलो. गृहस्थ आधी हसले, मग चिडले, म्हणाले तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मला शिकवू नका. आणखी एक कॅन होता, किचनच्या माळ्यावर. मी त्यांना सिस्टरचं धुक्याचं वाक्य सांगितलं, ते ऐकलं नाही त्यांनी, त्यांच्या सौ.नी ऐकलं, आतून. त्यांनीच माळ्यावरचा कॅन काढून बाहेर पॅसेजमध्ये आणून ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या हळद माझ्या मुलाची आहे. कोणी प्यायलं नव्हतं, देवाची कृपा.

सरकारी माणसं तासाभरात आली, दोन्ही कॅन सील करून नेले, माझा जबाब घेतला, नाव पत्ता, कसा आला, उघडला का. आत काय निघालं ते मला अजून कळलेलं नाही, तपासायला पाठवलंय म्हणाले.

कळवा_सिस्टर

त्या सौ.ना माझा नमस्कार सांगा.

तळोजावाली

काका, आता एक तुमच्या जावईबापूंसाठी. मत्स्यालयाचा कार्बन वापरू नका म्हणावं, माशांसाठीचा असतो, त्यातून राखेतले क्षार उतरतात, खाण्याच्या दर्जाचा घ्यायला सांगा. बरणी काचेची किंवा स्टीलची, कडक दारूत प्लास्टिक नको. आणि वापरून झालेला ओला कार्बन बंद पिंपात ठेवून त्यात कोणी डोकं घालू नये. ओला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, आमच्याकडे कार्बनच्या टाकीत उतरायचं तर आधी मीटर लावून ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आहे का बघतात, त्याशिवाय परमिटवर सही होत नाही. गॅरेजच्या बादलीला एवढं नाही, पण सवय असलेली बरी.

कोपरीचे_काका

सांगितलं. काल व्हिडिओ कॉलवर त्यांनी तुमच्या पद्धतीने करून दाखवलं. कार्बन उकळत्या पाण्याने तीनदा धुतला, ४५ टक्क्यांवर आणली, नळीला खाली चिमटा लावून थेंब थेंब, पहिलं पाणीदार आलं ते टाकून दिलं, मी इकडून घड्याळ लावून बसलो होतो. नऊ तास लागले. पुठ्ठा गेला, नेलपॉलिश बरंच गेलं. जावईबापूंनी घोट घेतला, बराच वेळ गप्प, आणि मग तीन महिन्यांत पहिल्यांदा एक पूर्ण वाक्य बोलले, म्हणाले बाबा आता हिला कशाचीच चव नाही.

अर्धा_चहा

म्हणजे व्होडका झाली :)

साहेबराव_निवृत्त

काका, ते तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ काय म्हणतात?

कोपरीचे_काका

लिफ्टमध्ये भेटले सकाळी. वर आकडे बघत होते. आमचा मजला आला तेव्हा दार धरून ठेवलं त्यांनी, बोलले काही नाही. हळदीचं आमंत्रण मात्र संध्याकाळी सौ. स्वतः घेऊन आल्या, पत्रिकेच्या खाली पेनाने लिहिलंय, फक्त पन्हं.